बिनतिखटाच्या बाई

बाई तिखट खात नसत. पुण्यात हे वाक्य कोणी दुसऱ्यांदा वाचणार नाही. पण बाई नागपूरच्या, त्यातही जिथून सावजी तिखट आलं त्या विणकरांच्या घरातल्या, आणि राहायला कोराडी रोडवर वडिलांच्या सावजी भोजनालयाच्या बरोब्बर वर. खाली मटणाच्या काळ्या रश्श्यावर बोटभर तवंग, कोळशाच्या ट्रकचे ड्रायव्हर नाक पुसत, घाम पुसत "अजून वाढा" म्हणताहेत, आणि वर मालकाची एकुलती एक मुलगी कोमट पाण्याच्या घोटाबरोबर मऊ भात आणि मुगाचं वरण जेवते आहे. हलवायाच्या पोरीला गोड वर्ज्य असावं तसला हा प्रकार. ड्रायव्हर मंडळींना त्याचं फार नवल वाटे. त्यांच्यापैकीच कोणीतरी 'बिनतिखटाच्या बाई' हे नाव पाडलं. ते इतकं चिकटलं की बाईंकडे गाणं शिकायला येणाऱ्या मुलींच्या आयासुद्धा ऑटोवाल्याला हाच पत्ता सांगत.

खरं नाव रंजना. मी वयाने मोठा, तरी मीही त्यांना बाईच म्हणत आलो. मी कळमेश्वरच्या एका शाळेत संगीत शिक्षक आहे, आणि त्या काळात लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रामध्ये कीबोर्ड वाजवायचो. जरीपटक्यातल्या एका लग्नात बँडवाले आणि आम्ही एकमेकांवर कुरघोडी करत असताना एक बाई स्टेजजवळ आल्या. तोंडाला गुंडाळलेली ओढणी खाली करून त्यांनी विचारलं, "तुम्हाला पाच रेघांवरचं नोटेशन वाचता येतं ना? तुमच्या बोटांवरून वाटलं." मला येत होतं. नागपूरच्या सदर भागातल्या चर्चमध्ये वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याने लहानपणी मला पियानो शिकवला होता, आणि ती सगळी विद्या मी वरातींवर उधळत होतो. "मग रविवारी या," बाई म्हणाल्या. पगाराचं बोलणं नाही, ओळखपाळख नाही. मी गेलो, आणि पुढची कितीतरी वर्षं जातच राहिलो.

त्या पहिल्या रविवारी मी घाबरलो होतो, हे कबूल करायला लाज वाटत नाही. बाई पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत गात. त्यांचा आवाज सोप्रानो, म्हणजे बायकांच्या आवाजांतला सगळ्यांत उंच. हे मला पुस्तकात वाचून ठाऊक होतं. पण साडी नेसलेली, मध्यम बांध्याची बाई चार हातांवर उभी राहून, कपाळावर आठी न आणता एवढा आवाज काढू शकते हे पुस्तकात कळत नाही. खिडकीचं तावदान थरथरलं. खालून एक ट्रक गेला, तर ट्रकच आधी ऐकू येईनासा झाला. मी बिचकून विचारलं, "बाई, कार्यक्रमाला माईक कुठला लावायचा?" त्या हसल्या. म्हणाल्या, "माईक म्हणजे सलाईन आहे मास्तर. धडधाकट माणसाने कशाला लावून घ्यायचं?"

त्यांची कारकीर्द त्या स्वतःच फार गमतीने सांगत. आजोबांचा हातमाग होता. माग बंद पडले तेव्हा वडिलांनी भोजनालय टाकलं आणि मुलीला कॉन्व्हेंटमध्ये घातलं. तिथे प्रार्थनेच्या रांगेत एका सिस्टरने हा आवाज हेरला आणि शाळेच्या गायनवृंदात उभं केलं. पुढे मुंबईत एका पारशी बाईंकडे शिक्षण, मग शिष्यवृत्तीवर जर्मनी. तिथल्या एका ऑपेरा हाऊसमध्ये त्या कोरसमध्ये गात. "तिसरी रांग, डावीकडून," त्या म्हणत. "कधी राजवाड्यातली दासी, कधी बाजारातली बाई. एकदा तर भूतसुद्धा झाले. राणी व्हायची वेळ आली की सगळे माझ्या पुढे उभे." तिथल्याच डॉक्टरने घशात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं की तुमच्या पोटातलं आम्ल वर येतं आणि स्वरतंतू भाजून निघतात, गायचं असेल तर मिरची बंद. त्या दिवसापासून बंद झाली ती झालीच. पुढे आईचं दुखणं आलं म्हणून त्या नागपूरला आल्या, आई गेली, वडील एकटे पडले, आणि परतीचं तिकीट पुढे पुढे ढकलता ढकलता रद्द झालं.

गळ्याची त्यांची राखण म्हणजे एक स्वतंत्र व्रत होतं. बर्फ नाही, दही नाही, ओरडणं नाही. कार्यक्रमाच्या दिवशी तर बोलणंसुद्धा नाही. हाताच्या खुणांवर सगळा कारभार. कोराडीच्या वीज केंद्राची राख गॅलरीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसायची, तर त्या गळ्याशी पदर धरून कपडे झटकायच्या. बाहेर पडताना ओढणीने नाकतोंड असं बांधायच्या की फक्त डोळे दिसावेत. दुसऱ्या गावात लोकांनी वळून पाहिलं असतं. पण नागपुरात उन्हाळ्यात स्कूटीवरची प्रत्येक मुलगी अशीच दिसते, त्यामुळे बाई त्यात बेमालूम मिसळून जात.

शिकवणीला वीज केंद्राच्या कॉलनीतल्या मुली येत, जरीपटक्यातून काही सिंधी घरांतल्या येत. त्यांना महिनाभर गाणंच नसे. सतरंजीवर उताणं निजायचं, पोटावर खालून आणलेली तुरीच्या डाळीची पिशवी ठेवायची आणि श्वासाने ती वरखाली करायची. आया दाराशी बसून एकमेकींकडे बघत. एकीने शेवटी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, ये गाना है के योगा है?" बाई एरवी मुलींशी शुद्ध मराठीत बोलत, नाहीतर हिंदीत. पण कोणी खांदे वर उचलून श्वास घेतला की त्यांची खरी भाषा उसळून बाहेर यायची. "काहून किंचाळून राहिली वं? गाय ना! पोटानं गाय!" मुली दचकायच्या, आणि नवल म्हणजे सूर बरोबर लागायचा.

आता वडिलांबद्दल सांगायला हवं, कारण बाईंच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं भांडण त्यांच्याशी होतं, आणि ते भांडण एकही शब्द न वाढवता वर्षानुवर्षं चाललं. त्यांना सगळे आबाजी म्हणत. बनियन, पायजमा, खांद्यावर दुपट्टा, हातात पळी. मसाला स्वतः भाजायचे, मटण स्वतः चढवायचे, आणि दुसऱ्या कोणाच्या हातचं मीठसुद्धा पातेल्यात पडू द्यायचे नाहीत. लांबलांबचे ड्रायव्हर त्यांच्या रश्श्यासाठी वाट वाकडी करून येत. आणि स्वतःची मुलगी मात्र त्यातला थेंबही जिभेला लावत नाही. डॉक्टरचं म्हणणं बाईंनी त्यांना अनेकदा समजावलं होतं. आबाजी ऐकून घेत आणि म्हणत, "गळा का बापाहून मोठा झाला?"

बाईंच्या मनात एकच इच्छा होती. स्वतःच्या गावात एक पूर्ण कार्यक्रम करायचा आणि पहिल्या रांगेत आबाजींनी बसायचं. मुंबईत त्या गायल्या होत्या, गोव्यात गायल्या होत्या, परदेशात भुताचं सोंग घेऊन का होईना गायल्या होत्या. आबाजींनी त्यांना स्टेजवर एकदाही पाहिलं नव्हतं. दर वेळी भोजनालय आडवं यायचं. एकदा माझ्यासमोरच विषय निघाला. आबाजी कांदा चिरत होते. मान वर न करता म्हणाले, "जे पोरगी बापाच्या हातचं खात नाही, तिचं गाणं बापानं काहून आयकावं? तू एक दिवस माह्या हातचं जेव, मी एक दिवस तुहं गाणं आयकतो. झालं." बाई जिना चढून गेल्या. मला दोघांचाही राग आला. एवढी शहाणी माणसं, आणि भांडण कशावर तर मटणावर.

शेवटी कार्यक्रम ठरला. एका कॉलेजचा जुना हॉल, उंच छत, माईकशिवाय आवाज पोचेल असा. पियानो भाड्याने आणला, तो सुरात आणायला मला घाम फुटला. बाईंनी आबाजींना सांगितलं, "आबाजी, कार्यक्रम होऊ द्या. दुसऱ्या दिवशी मी तुमच्या हातचं जेवते. अगदी पोटभर." आबाजींनी "हं" केलं. त्या "हं"मध्ये होकार आहे की नकार, यावर बाई आणि मी आठवडाभर खल केला.

कार्यक्रमाच्या दिवशी, रविवारी दुपारी, मी बाईंना न्यायला गेलो तर भोजनालयाचं शटर अर्धं खाली ओढलेलं. सावजीवाल्याचा रविवार म्हणजे आठवड्याची कमाई. दाराशी आलेली गिऱ्हाइकं परत जात होती. मी वाकून आत शिरलो. सगळी बाकं रिकामी, आणि मधल्या एका टेबलावर एकच ताट मांडलेलं. वाटीत काळा रस्सा, बाजूला भाकरी, लिंबू, कांदा. आबाजी धुतलेला सदरा घालून उभे होते. दुकान बंद ठेवून त्या माणसाने सकाळपासून एकाच गिऱ्हाइकासाठी मटण शिजवलं होतं. बाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थबकलेल्या.

"उद्याचं कोणं पाह्यलं माय," आबाजी म्हणाले. "आज मी येऊन राहिलो ना गाण्याले. मंग तू बी आजच जेव."

मी पुढे होऊन म्हणालो, "आबाजी, आज गाणं आहे हो. निदान तिखट तरी बेताचं..."

"बेताचं पाहुण्याले करतो मी, मास्तर," ते म्हणाले. "घरच्या माणसाले कमी तिखट टाकलं तर ते परकं नाही होत?"

बाईंनी हाताने मला गप्प राहायची खूण केली आणि त्या ताटावर बसल्या. पहिल्या घासालाच डोळ्यांतून पाणी आलं. त्या थांबल्या नाहीत. भाकरी कुस्करून, रस्सा ओतून, हाड चोखून, आपल्या घरात लहानपणी जेवत असतील तशा जेवल्या. आबाजी समोर बसून बघत होते. लेकीला असं जेवताना त्यांनी किती वर्षांनी पाहिलं असेल! "कसं झालं?" त्यांनी विचारलं. कार्यक्रमाच्या दिवशी बाई कधी एक शब्द बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. "मस्त झालं आबाजी. थोडा रस्सा अजून वाढा." मी तोंड फिरवून शटरकडे बघत बसलो.

हॉल भरला होता. कॉन्व्हेंटमधल्या जुन्या मैत्रिणी, कॉलनीतले इंजिनियर सहकुटुंब, जरीपटक्याच्या आया, मागच्या बाजूला दोनचार ड्रायव्हरसुद्धा. पहिल्या रांगेत मधोमध आबाजी, टोपी मांडीवर ठेवून. बाईंनी पहिल्या गाण्यांत आवाज जपून वापरला, आणि मला वाटलं की निभावलं. मग ते गाणं आलं, नदीवर कपडे धुणाऱ्या एका मुलीचं. ते बाईंचं सगळ्यांत आवडतं, रोज सकाळी रियाजाच्या शेवटी त्या तेच गात. त्यात अखेरीला आवाज वर जाऊन, अगदी टोकाला स्थिर व्हायचा असतो. बाई वर गेल्या आणि तिथे आवाज फाटला. क्षणभरच. त्यांनी तो लगेच खाली आणला, मीही बोटं पुढे ढकलली, गाणं पूर्ण झालं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. कोणाला काही कळलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

स्टेजमागच्या खोलीत बाई खुर्चीवर बसून होत्या. हारतुरे बाजूला पडलेले. गावातला पहिला कार्यक्रम, त्यात आवडतं गाणं, आणि नेमका तोच सूर हातचा गेला. त्यांचं दुःख मला कळत होतं. तेवढ्यात आबाजी आले. टोपी हातात घेऊन खुर्चीपाशी उभे राहिले.

"थकली काय वं?"

"नाही."

"रंजू, तो वरचा नाही लागला आज."

बाईंनी मान वर केली. "कोणता?"

"तो पाण्यावानी चालते ना, त्या गाण्यातला. त्यात तू दोनदा चढून परत येते, अन् तिसऱ्या खेपेले वर जाऊन थांबते. रोज थांबते. आज नाही थांबली."

 मग बाईंनी हळूच विचारलं, "तुमाले कसं माहीत?"

"आता घ्या! रोज आयकतो ना मी." आबाजींना त्यात विचारण्यासारखं काय आहे तेच समजत नव्हतं. "तो लागल्याबिगर मी फोडणी देत नाही. धूर वर येते, तुले ठसका लागते. गिऱ्हाईक बोंबलते, बोंबलू दे." एवढं बोलले आणि चेहरा एकदम उतरला. "माह्या मटनानं झालं का वं?"

"नाही आबाजी," बाई म्हणाल्या. "हॉलमधली हवा कोरडी होती."

आबाजींनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय का मास्तर?"

"हो आबाजी," मी म्हणालो. "हवाच तसली."

बाई उठल्या आणि त्यांनी वडिलांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्यांच्या हुंदक्यांना काही त्या सोप्रानोची शिस्त नव्हती. आबाजी गोंधळून टोपी या हातातून त्या हातात करत होते. सूर चुकला म्हणून पोरगी रडते आहे असं समजून ते तिची समजूत घालत होते, "उद्या लागन ना. उद्या लागन."

दुसऱ्या दिवशी नाही, पण चारसहा दिवसांनी तो लागला. बाईंचा गळा सावरला, पुन्हा भात आणि मुगाचं वरण सुरू झालं, आणि आबाजींनी त्यानंतर कधी ताट पुढे केलं नाही. स्टेजवरच्या दुसऱ्या कार्यक्रमालाही ते आले नाहीत. बाईंनी बोलावलंच नाही. रोजच्या रियाजाला मात्र त्या आता जिन्याकडचं दार उघडं ठेवत. मी रविवारी असलो की मला दिसायचं, शेवटचा सूर वर स्थिरावला, आणि बाई गाणं संपवून कान देऊन उभ्या राहिल्या. मग खालून फोडणीचा चर्र आवाज यायचा आणि त्या खुदकन हसायच्या.

काही वर्षं अशी गेली. मग एका दुपारी आबाजी स्वयंपाकघरातच छातीत कळ येऊन गेले. भोजनालय बाईंच्या चुलतभावाने घेतलं. माणूस भला, हाताला चवही होती. तो आपल्या सवडीने फोडणी द्यायचा आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. बाईंनी काही महिने तिथेच रियाज चालू ठेवायचा प्रयत्न केला. मग एक दिवस मला म्हणाल्या की पुण्याच्या एका संगीतशाळेत शिकवायला बोलावताहेत, मी जाते. मला वाटलं, धुराचा त्रास होत असणार. मी म्हटलं, "खोली बदलू या की. माझ्या ओळखीत आहे एक, हवेशीर." बाई माझ्याशी कायम शुद्ध बोलत आल्या. त्या दिवशी मात्र म्हणाल्या, "धुराचं काही नाही मास्तर. खाली आता कोणी थांबून नाही राहिलं. ते मले वर समजते."

त्यांचं सामान बांधायला मीच होतो. कीबोर्डची वायर गुंडाळताना मला म्हणावंसं वाटलं की बाई, मी तर इथे वरच बसलेलो होतो सगळा वेळ. म्हणालो नाही. साथ करणाऱ्याने मध्ये आपला सूर लावू नये. बाई पुण्याला गेल्या त्याचं मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं. अधूनमधून फोन येतो. तिथल्या मुलींच्या पोटावर काय ठेवता, असं मी विचारतो, त्या हसतात.

गेल्या एप्रिलमध्ये शाळेत महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाची तयारी चालू होती. सातवीतली एक मुलगी एकटी गाणार होती. चांगला गोड गळा, रोज दुपारी घरी सरावही करायची. पण तालमीत तिचं लक्षच लागेना. विचारलं तर म्हणाली, "सर, माहे बाबा नाही येत कार्यक्रमाले. त्यायले गाणंच नाही आवडत." पूर्वी मी म्हटलं असतं, जाऊ दे, तू गा. या वेळी मी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेलो. वडील एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला, शिफ्टहून येऊन नुकतेच टेकलेले. मी विचारलं, "ही दुपारी घरी गाते, तेव्हा तुम्ही काय करता?"

"मी काय करू सर," ते ओशाळून म्हणाले. "मले काय समजते त्यातलं. पंखा बंद करतो. लय खडखड करते तो."

कळमेश्वरच्या एप्रिलमधली दुपार, पत्र्याचं घर, आणि शिफ्ट करून आलेला माणूस. मी त्यांचा निरोप घेतला. दुसऱ्या दिवशी तालमीच्या आधी मुलीला जवळ बोलावलं आणि विचारलं, "काय गं, दुपारी तू गायला बसतेस तेव्हा घरात उकडत नाही?"

"लय उकडते सर," ती म्हणाली. "रोज नेमकी त्याच टायमाले लाइट जाते."

मग मी तिला सांगितलं की लाइट जात नाही.